कंदील आमचा, मग वात कोणाची?

संसारात जी वस्तू रोज राबते तिचा एखादा भाग आधी झिजतो आणि बाकीची वस्तू धडधाकट राहते, हा अनुभव आपल्या घरांना नवा नाही. फाळ झिजला म्हणून कोणी नांगर टाकून देत नाही. सायकलची ट्यूब फाटते, शिवणयंत्राचा पट्टा तुटतो, कंदिलाची वात जळून आखूड होते. आपण बाजारातून नवा भाग आणतो, घरी बसवितो किंवा गावातील जाणत्या माणसाकडून बसवून घेतो, आणि वस्तू पुन्हा कामाला लागते. ज्याने कंदील विकला त्याच्याच माणसाकडून वात बदलून घ्यावी, नाही तर कंदिलाने मिणमिणत जळावे, असा नियम कोणी सांगितला असता तर आपल्या आजीने त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठविले असते.

हाच नियम आज आपल्या खिशातील एका वस्तूला लागू झाला आहे आणि आपण तो निमूटपणे पाळीत आहोत. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन, आणि झिजणारा भाग म्हणजे त्याची बॅटरी. "फादर, फोन चांगला चालतो, पण दुपारपर्यंतच. दुकानदार म्हणतो, आता नवाच घ्या. घ्यावा का?" असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात हक्काचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या वाचक कुटुंबांनी नीट समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

फोन ही चैनीची वस्तू आहे, तिची एवढी चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. ते दिवस आता गेले. ज्या घरातील मुलगा जहाजावर किंवा आखातात आहे, त्या घरातील आईला त्याचा चेहरा दिसतो तो या फोनमध्येच. पेन्शन जमा झाल्याचा निरोप, बँकेचा गुप्त क्रमांक, शेतकऱ्याच्या अनुदानाची ओळखपडताळणी, मुलांच्या शाळेच्या सूचना, सारे काही याच पेटीतून येते. अशा घरात दहा-बारा हजारांचा फोन दोन वर्षांत बाद होणे म्हणजे दर दोन वर्षांनी एक नवे कर्ज होय. आणि तो बाद होतो कशामुळे? पुष्कळदा केवळ त्याच्या एका भागामुळे.

तो भाग का झिजतो, हे आधी पाहू. फोनमधील बॅटरी लिथियम-आयन या जातीची असते. ही बॅटरी 1991 साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना 2019 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात लिथियमचे विद्युतभारित कण असतात. चार्ज करताना ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि फोन वापरताना परत येतात. या प्रत्येक खेपेत थोडे कण वाटेत अडकून पडतात, ते पुन्हा कामाला येत नाहीत. साधारणतः पाचशे पूर्ण खेपा झाल्या की बॅटरीची साठवणशक्ती मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते, असा हिशेब बरीच वर्षे धरला जात असे. अलीकडच्या काही चांगल्या बॅटऱ्या हजार खेपांपर्यंत तग धरतात. रोज एक खेप धरली, तर पाचशे खेपा दीड वर्षाच्या आतच संपतात. उन्हात ठेवलेला, उशीखाली चार्ज केलेला फोन त्याहूनही लवकर म्हातारा होतो. शिवाय जुन्या बॅटरीस एकदम मोठा विद्युतप्रवाह पुरविता येत नाही. म्हणूनच पडद्यावर 25 टक्के दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो.

यात कोणाची लबाडी नाही. हा पदार्थाचा धर्म आहे. वात जळणारच, तशी बॅटरी झिजणारच. मात्र जो भाग झिजणार हे बनविणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तो बदलण्याची वाट त्याने मोकळी ठेवावी, एवढे तरी आपण मागावयास हवे. एके काळी ती वाट मोकळी होती. 2003 साली आलेला, टॉर्च असलेला नोकिया 1100 हा फोन आमच्या अनेक वाचकांना आठवत असेल. अंगठ्याने पाठीवरचे झाकण सरकवावे, जुनी बॅटरी काढावी, नवी घालावी. त्यासाठी मुंबई-पुण्यास जावे लागत नसे.

पुढे 2007 साली ॲपल कंपनीचा आयफोन आला. त्याची पाठ ग्राहकाने उघडावयाची नव्हती. पुढील आठ-दहा वर्षांत बहुतेक कंपन्यांनी हाच कित्ता गिरविला, आणि बॅटरीवर एकामागून एक तीन कुलपे पडली. पहिले कुलूप डिंकाचे. बॅटरी आतल्या भिंतीस चिकटविलेली, आणि पाठीची काच कडेस चिकटविलेली. ती गरम करून, काळजीपूर्वक उचकटावी लागते, आणि उचकटताना पडदा किंवा काच तडकली तर खर्च दुप्पट. दुसरे कुलूप स्क्रूचे. ॲपलने पाच पाकळ्यांच्या आकाराचे खास स्क्रू वापरावयास सुरुवात केली, जे साध्या पेचकसाने फिरत नाहीत. तिसरे कुलूप डोळ्यांना दिसत नाही, आणि तेच सर्वांत भक्कम आहे. ते सॉफ्टवेअरचे आहे. बॅटरीत एक बारीक चिप असते. फोन तिची ओळख पटवितो आणि ओळख जुळली नाही तर कुरकुर करतो.

या तिसऱ्या कुलपाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेतील आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संस्थेने दाखवून दिले की, त्या वेळच्या नव्या आयफोनमध्ये कंपनीचीच अस्सल बॅटरी, पण कंपनीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी बसविली, तर फोन "दुरुस्ती हवी" असा इशारा देतो आणि बॅटरीची प्रकृती दाखविण्याचे नाकारतो. बॅटरी अस्सल, बसविणारा कुशल, तरी इशारा कायम! म्हणजे आक्षेप बॅटरीवर नव्हता, हातावर होता. पुढे टीका वाढल्यावर कंपनीने हळूहळू हात सैल केला. 2022 साली अमेरिकेत ग्राहकांस सुटे भाग व अवजारे देण्याची योजना सुरू झाली, आणि दुसऱ्या फोनमधून काढलेले अस्सल भाग स्वीकारण्याची सोय 2024 साली आली.

याच कंपनीचे आणखी एक प्रकरण ग्राहकांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलला मान्य करावे लागले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये हा त्यामागील हेतू, असे कंपनीने सांगितले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नव्हते. परंतु ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगितलेली नव्हती. फोन मंदावला, म्हणजे फोनच म्हातारा झाला, असे समजून कित्येकांनी नवा फोन घेतला असेल. वास्तविक नवी बॅटरी बसविली की तोच फोन पुन्हा पहिल्यासारखा धावत असे. कंपनीने क्षमा मागितली, आणि 2018 या वर्षापुरती अमेरिकेत बॅटरी बदलण्याची किंमत 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणली. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्सच्या ग्राहक खात्याने ग्राहकांस माहिती न दिल्याबद्दल अडीच कोटी युरोचा दंड केला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीने 11 कोटी 30 लाख डॉलर देण्याचे कबूल केले. दंड झाला तो बॅटरी झिजली म्हणून नव्हे, तर ग्राहकाला अंधारात ठेवले म्हणून, हे लक्षात ठेवावे.

आता कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण एकाच पक्षाचे ऐकून निवाडा देणे योग्य नव्हे. त्या म्हणतात की, बंद पाठीमुळे फोन पातळ होतो व आत पाणी-धूळ शिरत नाही. बाजारात नकली बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे, आणि लिथियमची बॅटरी चुकीच्या हाती पडली तर पेट घेऊ शकते. यातील शेवटचे म्हणणे अगदी खरे आहे. फुगलेली बॅटरी टोचली गेली तर आग लागते, आणि ती सहजी विझत नाही. नकली बॅटरीचा धोका कोणी हसण्यावारी नेऊ नये.

परंतु या कारणांवरून कुलूप समर्थनीय ठरते काय? पाण्याचे म्हणाल, तर सॅमसंगचा 2014 सालचा गॅलॅक्सी एस 5 हा फोन पाण्यापासून सुरक्षित होता, आणि त्याची पाठ नखाने उघडून बॅटरी बदलता येत होती. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्याच उद्योगाने करून दाखविले आहे. डिंकाचे म्हणाल, तर थोडा विद्युतप्रवाह दिला की आपोआप सुटणारा डिंक ॲपलनेच 2024 सालच्या आयफोन 16 मध्ये वापरला. मनात आणले की वाट सापडते!

सुरक्षिततेचे म्हणाल, तर दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ऑगस्ट 2007 मध्ये नोकियाने जाहीर केले की, बीएल-5सी या जातीच्या सुमारे 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापण्याचा संभव आहे. आपल्या देशात त्या वेळी बरीच घबराट झाली होती. पण उपाय सोपा होता. पाठ उघडावी, बॅटरीवरचा क्रमांक पाहावा, सदोष असेल तर ती काढून ठेवावी आणि मोफत नवी घ्यावी. फोन घरचा घरीच राहिला. नऊ वर्षांनी, सप्टेंबर 2016 मध्ये, सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट 7 या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या. त्या फोनमध्ये बॅटरी आत बंदिस्त होती. परिणामी सुमारे 25 लाख फोन सबंधच्या सबंध परत बोलवावे लागले. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरात त्या फोनचे उत्पादनच कायमचे थांबवावे लागले. धोक्याच्या प्रसंगी सदोष भाग चटकन काढून दूर ठेवता येणे हीच खरी सुरक्षितता होय. आणि नकली बॅटरीचे म्हणाल, तर तिला औषध एकच: अस्सल बॅटरी रास्त भावात तालुक्याच्या बाजारात मिळू द्यावी. अस्सल माल कुलपात ठेवला की नकलीचे दुकान चालणारच.

शहरातील माणसाला या कुलपाचा जाच तितका कळत नाही, कारण त्याच्या घराजवळ कंपनीचे अधिकृत केंद्र असते. खेड्यातील कुटुंबाची गत निराळी. केंद्र जिल्ह्याच्या गावी. एक फेरी फोन देण्यास, दुसरी "भाग आला नाही" हे ऐकण्यास, तिसरी फोन आणण्यास. तीन दिवसांची मजुरी, तीन वेळचे बसभाडे, आणि मधल्या काळात परगावच्या मुलाशी बोलणे बंद. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने, अशी ही स्थिती. शिवाय आठवडी बाजाराच्या गावात एखादा होतकरू तरुण टेबल मांडून फोन दुरुस्त करीत असतो. त्याच्या हातात कसब आहे, पण त्याला अस्सल भाग विकत मिळत नाही, दुरुस्तीची पुस्तिका मिळत नाही, आणि सॉफ्टवेअरचे कुलूप त्याच्याने उघडत नाही. बॅटरीवरील हे कुलूप ग्राहकाच्या खिशाबरोबर या तरुणाच्या भाकरीवरही पडले आहे.

इतर देश याबाबत जागे झाले आहेत. युरोपीय संघाने 2023 साली बॅटऱ्यांविषयी नियम केला. त्यानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढता व बदलता आली पाहिजे, असे सर्वसाधारण तत्त्व ठरले. फोनसाठी वेगळा नियम 20 जून 2025 पासून लागू झाला आहे. बॅटरीने किमान 800 खेपांनंतर 80 टक्के शक्ती राखली पाहिजे, आणि त्या जातीच्या फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असे बंधन त्यात आहे. त्यात एक पळवाट आहे, हेही सांगितले पाहिजे. फोन पाण्या-धुळीपासून सुरक्षित असेल आणि बॅटरी हजार खेपांनंतर 80 टक्के टिकत असेल, तर ती घरी बदलता येण्याची सक्ती नाही, कुशल दुरुस्तीकाराला बदलता आली तरी चालते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने मार्च 2024 मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले. भागांची ओळख जुळवून दुरुस्ती अडविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कुलपालाच तेथे 2025 पासून बनणाऱ्या नव्या उपकरणांपुरती मनाई झाली.

आणि आपल्या देशात? येथे पाया जुना आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांचा अपराध हाच की, त्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांपर्यंत पोहोचू दिली नाही. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. पण गाडी विकली म्हणजे तिच्या दुरुस्तीचीही मक्तेदारी मिळाली असे नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने स्पष्ट मांडले. जे मोटारीला लागू, ते फोनला का लागू नसावे?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि शेती अवजारे, फोन, घरगुती उपकरणे व वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, म्हणजे आपण नाताळच्या तयारीत असतो त्या दिवशी, कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती जेथे मांडावयाची असे संकेतस्थळ सुरू झाले. 1986 सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याची आठवण म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. वस्तू दुरुस्तीस किती सोपी आहे हे गुणांकाने दाखविण्याची शिफारस करणारा अहवालही मे 2025 मध्ये सरकारकडे आला. तथापि युरोपासारखी सक्ती आपल्याकडे अद्याप झालेली नाही. संकेतस्थळावर माहिती देणे निराळे, आणि बॅटरी तालुक्याच्या दुकानात मिळणे निराळे.

तोपर्यंत आपल्या हाती काय आहे? फोन घेण्यापूर्वी दुकानदारास चार प्रश्न विचारावेत. बॅटरी बदलण्यास किती रुपये लागतील? जवळचे केंद्र कोठे? बॅटरीची हमी किती दिवसांची? सॉफ्टवेअरच्या सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळतील? ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून घाईने फोन घेऊ नये. पावती, हमीपत्र व खोका जपून ठेवावा.

बॅटरी मंदावली तर प्रथम हे पाहावे की फोनला सुरक्षा सुधारणा अजून मिळतात काय. मिळत असतील आणि बाकी फोन ठीक असेल, तर फोन बदलू नये, बॅटरी बदलावी. किंमत लेखी मागावी. बॅटरीला किंमत फोनच्या निम्मी सांगितली, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा तो व्यवहार होईल, हे ओळखून दुसरीकडे चौकशी करावी. फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी छायाचित्रे व क्रमांक उतरवून ठेवावेत. बॅटरी फुगली असेल, पाठ उचलली गेली असेल, तर तो फोन चार्ज करू नये, दाबू नये, मुलांच्या हाती देऊ नये. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत तर कदापि टाकू नये. 2022 सालच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती केंद्रावर परत द्यावी.

आणि अन्याय झाला, तर गप्प बसू नये. 2019 सालचा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याला मालाची खरी माहिती मिळण्याचा, आपले म्हणणे ऐकले जाण्याचा आणि दाद मिळण्याचा हक्क देतो. हमीच्या मुदतीत बॅटरी गेली आणि केंद्राने टाळाटाळ केली, तर प्रथम कंपनीस लेखी कळवावे. नंतर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक 1915 वर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत केली पाहिजे, एवढे मात्र विसरू नये.

एका बॅटरीसाठी एवढा खटाटोप कोण करणार, असे पुष्कळांस वाटेल. हिशेब करणारेही हेच धरून चालतात की खेड्यातील माणूस कंटाळेल आणि नवा फोन घेईल. कष्टाचे पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली आहे, आणि जी आपली आहे ती दुरुस्त करून वापरण्यासाठी कोणापुढे हात जोडण्याचे कारण नाही. ज्या घरांनी वाडवडिलांचे घड्याळ आणि आजीचे शिवणयंत्र तीन पिढ्या चालविले, त्या घरांना दुरुस्तीचे महत्त्व आम्ही काय सांगावे? तोच बाणा आता फोनच्या बाबतीतही दाखवावयाचा आहे. पुढच्या बाजारी फोन घेणारा प्रत्येक जण दुकानात उभा राहून "बॅटरी बदलून कोठे आणि कितीला मिळेल?" एवढे जरी विचारू लागला, तरी त्या प्रश्नाचा आवाज दुकानदारामार्फत कंपनीपर्यंत पोहोचेल. मागणी करणारे पुष्कळ झाले की कुलपे उघडतात, हे इतर देशांत घडून आले आहे.